नपुंसकलिंगी सून

कंपनीने मला जर्मनीच्या ऑफिसात पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी पंजाबकडे नोकरीला होते, आणि सेक्टर चौतीसमधल्या एका जर्मनच्या क्लासला जायला लागले. आयटी पार्कमधलं काम उरकून तिथे पोचेपर्यंत डोकं शिणलेलं असायचं. शिकवणारे सर साठीचे. पंधराएक वर्षं तिकडे राहून आलेले. उच्चार अगदी स्वच्छ, आणि जीभ तशीच धारदार.

जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं: डेर म्हणजे तो, डी म्हणजे ती, डास म्हणजे ते. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. का, ते विचारायचं नाही. हिंदी-पंजाबी बोलणाऱ्यांना 'ते' हा प्रकारच ठाऊक नसतो, त्यामुळे सगळे तिथेच अडखळायचे. मला मराठीमुळे जरा सोपं गेलं. 'मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि ती नपुंसकलिंगी, हे सरांनी सांगितल्यावर वर्ग हसला. मला हसू आलं नाही. आमच्या कुडाळकडे मुलीला असंच 'ते' म्हणतात. "तां चेडू खंय गेलां?" असं आई माझ्याबद्दल शेजारी विचारायची, तेव्हा त्यात नुसती माया असायची.

सरांच्या नपुंसकलिंगात माया नव्हती. ज्याचं लिंग चुकेल त्याला ते त्या दिवसापुरतं 'चीज़', म्हणजे वस्तू, म्हणायचे. हिंदीत 'ते' नाही म्हणून ही त्यांची सोय. "ये चीज़ आज फिर ग़लत बोली." बाकीच्यांनीही तसंच म्हणायचं, असा नियम होता.

सगळ्यात जास्त वेळा 'चीज़' व्हायची ती माझ्या शेजारी बसणारी मुलगी. खरड या जवळच्या गावची सून. गावातल्या कॉलेजातून बी.ए. झालेली, लग्नानंतर महिनाभरातच नवरा म्युनिकला परत गेलेला. ए-वनची परीक्षा पास झाली की व्हिसा मिळणार, म्हणून सासू तिला गाडीतून आणून सोडायची आणि खाली गाडीतच बसून राहायची. मुलगी हुशार होती, पण सरांनी नाव घेतलं की डेर, डी, डास सगळं एकमेकांत मिसळायची.

एक दिवस प्रगती विचारायला सासू वर आली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "माताजी, आपकी ये चीज़ नहीं चलेगी."

सासूला राग येईल असं मला वाटलं होतं. ती मनापासून हसली. पुढच्या आठवड्यात मुलीने मला सांगितलं, "दीदी, अब घर में भी यही नाम है. ननद भी ऐसे ही बुलाती है, चीज़, चाय ला."

मी तिला रविवारी झिरकपूरला माझ्या फ्लॅटवर बोलावलं. अभ्यासाचं निमित्त असल्याने सासूने हरकत घेतली नाही. स्वयंपाकघरातल्या एकेका वस्तूवर हात ठेवून आम्ही लिंगं पाठ केली. मग विभक्ती. ती हतबल होऊन म्हणाली, "डेर का डेम क्यों हो जाता है? कुत्ता तो वही है."

"मुंडा म्हणतेस ना? त्याला काही द्यायचं असेल तर काय म्हणशील?"

"मुंडे नूं."

"मुंडाचं मुंडे का झालं? मुलगा तर तोच आहे."

ती इतकी खुलून हसली की मी गॅस बंद करून तिच्याकडे बघत राहिले. ते हसू मी आधी पाहिलंच नव्हतं. आमच्यात नाम बदलतं, त्यांच्यात नामाआधीचा शब्द बदलतो, एवढाच फरक. त्यानंतर ती भराभर शिकली आणि चांगल्या गुणांनी पास झाली. सरांनी वर्गात पेढे वाटले. म्हणाले, "टोचल्याशिवाय कोणी शिकत नाही."

पुढच्या रविवारी ती आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. "दीदी, व्हिसासाठी बी-वनची वरची परीक्षा पण लागते का? हे म्हणतात लागते."

मी खरं ते सांगितलं. ए-वन पुरतं.

तिने तिथल्या तिथे, माझ्या ओट्याशी उभं राहून नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आधी तो टाळत राहिला. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा कंटाळल्यासारखा म्हणाला, "अरे यार, तू इधर आ गई तो मम्मी के पास कौन रहेगा? तेरे घरवाले पूछते रहते थे, इसलिए क्लास लगवा दी. पढ़ती रह, टाइम पास होगा."

"मम्मी जी को पता था?"

"उन्हीं का तो आइडिया था."

ती "अच्छा जी" म्हणाली आणि फोन ठेवला. रडली नाही. पालकाची जुडी पुढे ओढली आणि निवडायला लागली. मी तिला म्हटलं, आईवडिलांना सांग, माहेरी जा. ती म्हणाली, "दोन बहिणी आहेत लग्नाच्या." मग पालकाकडेच बघत तिने एक जर्मन वाक्य म्हटलं: मी सासूला मदत करते. मदत करणे या क्रियापदापुढे चतुर्थी लागते, डीचं डेर होतं. तिथे वर्गात सगळे चुकायचे. ती चुकली नाही.

"बरोबर आहे ना, दीदी?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

खाली हॉर्न वाजला. तिने हात पुसले, ओढणी नीट केली आणि गेली.

आता मी इथे जर्मनीत आहे. बेकरीत रोज एखादं लिंग चुकतंच. काउंटरमागची बाई कधी दुरुस्त करत नाही. पाव कागदात गुंडाळून देते आणि दिवस चांगला जावो म्हणते. खरडच्या सुनेला मी दिवाळीला फोन केला होता. सासूने उचलला. म्हणाली, "वो काम में है."