चाळीस आकड्यांत एक बाटली

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या कोपरच्या घरात पहिल्यांदा वाइनची बाटली आली. ती घेऊन आलेले गृहस्थ बाळकुमला राहतात. नाशिककडे त्यांची द्राक्षाची बाग आहे आणि आता तिथेच त्यांनी छोटी वायनरी काढली आहे. आपल्या पहिल्यावहिल्या वाइनचा एक फोटो त्यांना हवा होता, खोक्यावर छापायला. आधी दोन ठिकाणी त्यांनी तो काढून घेतलेला. मोबाइलवर दाखवला. दोन्हीकडे बाटली काळीकुट्ट, आणि तिच्या पोटावर स्टुडिओतल्या लाइटचा पांढरा चौकोन.

"यात वाइन कुठंय, मॅडम? काकवी भरल्यासारखं वाटतं," ते म्हणाले.

"मी टॉर्चने काढते."

"टॉर्चने?"

"हो. छोट्या टॉर्चने. तुम्ही बघायला या हवं तर."

मी हे ठामपणे म्हटलं, कारण मला ते येत होतं. बारा वर्षं लग्नांचे फोटो काढून कंटाळल्यावर मी घरीच हे शिकले. पितळी तांब्यावर, तेलाच्या बाटलीवर, शाम्पूच्या डब्यांवर. खोली पूर्ण काळोखी करायची, कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा, शटर उघडं ठेवायचं आणि तेवढ्या वेळात हातातला टॉर्च वस्तूवर फिरवायचा. जिथे टॉर्च फिरला तेवढंच फोटोत येतं. काळे कपडे घालून मी कॅमेऱ्यासमोरून गेले तरी फोटोत माझा मागमूस नसतो. लाइट पेंटिंग म्हणतात याला. भिंत रंगवणारा माणूस ब्रश कुठे जोरात दाबायचा आणि कुठे नुसता टेकवायचा हे हाताने ओळखतो, तसंच इथेही हातच ओळखतो.

प्रश्न हाताचा नव्हता. प्रश्न आईचा होता.

आई एकाहत्तर वर्षांची. पालिकेच्या शाळेत पीटीच्या बाई म्हणून निवृत्त झाली आणि बाबा गेल्यापासून माझ्याकडेच असते. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, विठ्ठलवाडीला राहायचा. तो दारूने गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी. शाळा सुटली की आई कित्येकदा परस्पर विठ्ठलवाडी गाठायची आणि त्याला शोधून, हाताला धरून घरी नेऊन सोडायची. त्यामुळे टेबलावर बाटली बघून तिचा चेहरा बदलला तेव्हा मला "अगं, वाइन म्हणजे दारू नव्हे" वगैरे बोलवेना. तिच्यासाठी ती दारूच होती.

"बूच उघडणार नाही, आई. फोटो झाला की बाटली परत जाईल."

ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने मी बाटलीखाली ठेवायला जुना लाकडी पाट काढला, तर ती तरातरा बाहेर आली. "त्या पाटावर आपला गणपती बसतो. बाटली बसवणार तू त्याच्यावर?" माझी चूकच होती. मी पाट जागेवर ठेवला. दोन मिनिटांनी तिने स्वयंपाकघरातून एक तडा गेलेला पोळपाट आणून टेबलावर आपटला. "हा घे. हा नाहीतरी टाकायचाच आहे." लाकडाचा पोत इतका सुंदर होता की मी लगेच मांडणी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता ते गृहस्थ आले. येताना काळ्या द्राक्षांचे चार घोस घेऊन आलेले. मी खिडक्यांना काळं कापड लावलं होतं, वरच्या झरोक्याला पोळ्या गुंडाळायची फॉइल. पंखा बंद, कारण बाटलीच्या बाजूला टांगलेला बटर पेपर हलायला लागतो. एप्रिलची दुपार, बंद खोली. पाच मिनिटांत आम्ही दोघंही घामाने निथळत होतो. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

काम मी मनाशी पक्कं ठरवलेलं. चाळीस सेकंद, एकच फ्रेम. बाटलीच्या मागे तिच्याच आकाराचा, पण जरा लहान कापलेला चंदेरी कागद लपवलेला. त्यावर वरून टॉर्च मारला की उजेड वाइनमधून झिरपून पुढे येतो. पंधरा सेकंद ते. मग डावीकडे, बटर पेपरच्या मागून, टॉर्च वरून खाली सावकाश आणायचा. काचेवर एक लांब मऊ रेघ उठते. मग लेबलवर तिरका उजेड, म्हणजे सोनेरी अक्षरं वर येतात. शेवटी द्राक्षं आणि पोळपाट.

सात फ्रेम काढल्या. सातही वाया. कधी जास्त उजेडाने लेबल पांढरंफटक, कधी वाइन काळी. हात बरोबर फिरत होता, पण मोजणं बिघडत होतं. मोबाइलवर टायमर लावावा तर पडद्याचा उजेड काचेत दिसतो. नुसता टिकटिक आवाज लावून पाहिला, तर कितवा ठोका ते विसरायला होई. म्हणून मी स्वतःच तोंडाने मोजत होते.

आठव्या वेळी मी "दहा, अकरा" म्हणत असताना दाराबाहेरून आवाज आला, "सातपासून पुढे पळतेस तू."

मी शटर बंद केलं. "काय?"

"सातपर्यंत बरोबर मोजतेस, मग घाई करतेस. लहानपणी कवायतीतही हेच करायचीस." दार उघडून आई आत आली, तिने पाठीमागे ते घट्ट लावलं आणि कॅमेऱ्याच्या मागे येऊन उभी राहिली. "किती मोजायचे?"

"चाळीस."

"चल, हो उभी."

मैदानावर दोनशे पोरांना एका ठोक्यावर हलवणारा तो आवाज. एक. दोन. तीन. प्रत्येक आकड्यामधलं अंतर अगदी सारखं. मला फक्त टॉर्च फिरवायचा होता. पंधराला मी मागून निघाले, पंचवीसला डावी बाजू संपवली, एकतीसला लेबल. चाळीस. पडद्यावर वाइन पहिल्यांदा लाल दिसली. लेबल तेवढं जरा जास्त उजळलं होतं.

पुढच्या फ्रेमला अठ्ठावीसच्या आकड्यावर त्या गृहस्थांच्या खिशात फोन पेटला आणि अर्धी खोली निळी झाली.

"फोन बाहेर ठेवून या," आई म्हणाली. पन्नाशीचा तो माणूस शाळकरी मुलासारखा उठला आणि फोन बाहेर ठेवून आला.

तिसऱ्या वेळी जमलं. मी दिवा लावला, पंखा लावला आणि आम्ही तिघं कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकलो. काळोखातून बाटली उभी राहिलेली. कडेने एक बारीक रेघ, पोटात खोल लाल उजेड, खाली पोळपाटाच्या तड्यात अडकलेली एक द्राक्षाची सावली. ते गृहस्थ पडद्याच्या आणखी जवळ आले. मग म्हणाले, "ही खरी."

आई चष्मा लावून बघत होती. "रंग जांभळाच्या सालीसारखा आलाय," ती म्हणाली. आणि मग, त्यांच्याकडे न बघता, "इतकी सुंदर कशाला दाखवायची पण?"

ते म्हणाले, "काकू, सहा वर्षं ती बाग वाढवलीय मी. पोरांसारखी."

"बाग चांगलीच असणार तुमची. माझा भाऊ गेला यात, म्हणून विचारलं."

त्यांनी मान खाली घातली. नंतर हळूच म्हणाले, "माझे वडील पण गेलेत, काकू. मी स्वतः घेत नाही. चव बघतो आणि थुंकतो."

आईने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "बसा, सरबत करते," म्हणाली आणि आत गेली.

मला एवढंच माहीत होतं की मी हातात घेतलेलं काम नीट केलं होतं आणि ते करताना ती माझ्या मागे उभी होती. निघताना त्यांनी एक बाटली भेट द्यायला काढली, ती तिने हसून परत केली. द्राक्षं मात्र ठेवून घेतली.

पावसाळा संपता संपता त्यांचा फोन आला. आता पांढरी वाइन होती, पारदर्शक काचेची बाटली. तिला सगळं उलटं करावं लागतं: मागचा पडदा उजळ आणि कडा काळ्या, नाहीतर काच फोटोत दिसतच नाही. पुन्हा मोजशील का, मी आईला विचारलं. ती म्हणाली, "दुपारी चारच्या आत उरकायचं, मला चालायला जायचं असतं." एका दुपारीत ते होणारं नव्हतं. तीन दुपारी लागल्या, आणि तिन्ही दिवस ती चारच्या ठोक्याला चपला घालून बाहेर पडली.