दगडी बाईनं भरलेली ओटी

नव्वद सालापासून मी आमच्या गावच्या जुन्या दगडी देवळासमोर नारळ विकते. तेव्हा दर श्रावणात मुरगूडच्या एस.टी.नं एक बाई यायची. नाव मी कधी विचारलं नाही. गाडीतून उतरायच्या आधी ती चपला काढून पिशवीत टाकायची आणि देवाला न जाता आधी देवळाच्या मागं जायची. तिथं भिंतीवर नाक फुटलेली एक बाई कोरली आहे. तिच्या पायाशी नारळ, तांदूळ, खण ठेवायची आणि मग ते सगळं स्वतःच्याच पदरात ओढून घ्यायची.

मी एकदा म्हटलं, "आवं, हे काय खूळ?"

"माझं माहेर ह्याच गावात हुतं, आक्का. आई-बा गेलं, भाऊ घर इकून गेला. माहेरची ओटी भरायला आता हीच हाय की."

पुढल्या श्रावणात ती माझ्यासमोरच पदर पसरून उभी राहिली. "औंदा तुम्ही भरा."

"मी रांडमुंड बाई. माझ्या हातची ओटी चालत न्हाय."

"त्या दगडाच्या बाईला तरी कुठं कुंकू हाय?"

लोक बघत होते. मी मान फिरवली. ती देवळामागं गेली.

त्यानंतर ती आली नाही. आता श्रावणात एस.टी. थांबली की मी एक नारळ बाजूला ठेवते आणि उतरणाऱ्या बायकांचे पाय बघते. सगळ्यांच्या पायात चपला असतात.