डोंगरावरच्या वाइनरीत शंभूला चढली

सकाळी बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी माझी अक्कल डोंगर उतरून निघून गेली. वेळ पक्की आठवते, कारण शंभूच्या खोकल्याच्या औषधाची तीच वेळ होती.

शंभू आमचा चार वर्षांचा. त्याच्या तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू आधी मी चाखते. वरण, दूध, औषधसुद्धा. नवरा म्हणतो, "पोराच्या आधी तुझाच खोकला बरा झाला."

तर आमची माढ्याला द्राक्षबाग. वाइनची द्राक्षं लावावीत का, ते बघायला बार्शीकडच्या एका डोंगरावरच्या वाइनरीत गेलो. सासूबाईंना नुसतं "बाग बघायला" म्हणून सांगितलं. अंड्याचं नाव निघालं तरी चूळ भरणाऱ्या बाई त्या.

तिथले मॅनेजर सांगत होते, "हितं नुस्ता मुरूम होता बघा. मालकांच्या आजोबांनी वेल लावले तवा लोक हसायचे. म्हणायचे, म्हातारा दगडाला पाणी घालतोय."

मग थंडगार तळघर, त्यात माणसाएवढी लाकडी पिंपं. माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र, शंभू पिंपात पडलेला.

वर आल्यावर मी पिशवीत औषधाची बाटली शोधत होते. मॅनेजर म्हणाले, "वैनी, पोराला रस दिलाय हं." मान वर करते तर ते नवऱ्याला घेऊन वेल दाखवायला गेलेले आणि टेबलावर चव बघायला ओतून ठेवलेले पाच ग्लास.

आता यातला रस कुठला? सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी चाखले. पहिला आंबट. दुसरा तुरट. तिसरा जरा गोड, म्हणून खात्रीसाठी परत घेतला. एका घोटात कळतंय कुठं? पाचही रिकामे झाले, रस काही सापडेना.

तेवढ्यात शंभूकडं लक्ष गेलं. ओठ जांभळे, हातात रिकामा ग्लास, आणि पोरगं चक्क डुलतंय.

"अवो, धावा! पोराला चढली!"

दोघं पळत आले. मी लिंबू मागतेय, दवाखाना विचारतेय. मॅनेजरनी शंभूच्या हातातला ग्लास हुंगला. "वैनी, हा रसच हाय. मी त्याच्या हातातच दिलता की."

"मग डुलतोय कशानं?"

नवऱ्यानं आधी ते पाच ग्लास बघितले, मग मला. "त्यो न्हाय डुलत. तू डुलतीयास."

शंभू काळजीनं म्हणाला, "आई, माजं सगळं औषध पिलीस व्हय?"

संध्याकाळी सासूबाईंनी दारातच विचारलं, "कशी होती बाग?"

मी तोंड उघडायच्या आत शंभू बोलला, "आईला लई आवडली आज्जी. पाच ग्लास."

तेव्हा तुमच्या ओळखीत पोराचं चाखून बघणारी कुणी आई असली, तर तिला माझा एवढा निरोप द्या. आधी पोराच्या हातात काय आहे ते बघ म्हणावं.