गवंड्याने खाल्लेली पैज

ॲथल हॉजेट्सचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. काम सोडलं तरी ही वेळ सुटली नाही. गवंड्याला ऊन चढायच्या आत दोरी बांधायची सवय असते, ती हाडांतून जात नाही. पूर्वी उठून भिंत बांधायचा, आता उठून फोन चिवडतो, इतकाच फरक.

मी त्याचा बिगारी होतो. उभी हयात त्याला माल कालवून दिला, विटा वाहिल्या. तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझा. गवंडी म्हणून त्याच्यात खोट नव्हती. ओळंबा सोडावा तर दोरा भिंतीला धरून खाली उतरे. बाकी बाबतींत साधारण माणूस.

त्याची शेवटची भिंत चीजच्या कारखान्याची. तिच्या मजुरीतले दोन हजार डॉलर त्याने होडीच्या मोटरीसाठी बाजूला टाकले होते. जुनी मोटर मेली होती. ब्रिडपोर्टच्या खाडीत मासे धरायला जायचं तर वल्ही मारावी लागत, आणि त्याचे खांदे विटांनी आधीच खाल्लेले. नवी मोटर नाही, तर मासेमारी बंद. असा साधा हिशेब.

मग कुणीतरी त्याला गुत्त्यात ते नवं यंत्र दाखवलं. फोनवरचा पैजेचा बाजार.

"इथे बुकी नाही, स्टॅन," तो मला समजावू लागला. "एक जण पैज लावतो. दुसरा ती खातो, म्हणजे म्हणतो, हा घोडा हरणार. मधली कंपनी नुसती दलाली घेते. माणसाशी माणूस."

"तो दुसरा माणूस दिसतो का?"

"नाही."

"नाव कळतं?"

"नाही."

"मग माणसाशी माणूस कसा?"

"तू माल कालव," तो म्हणाला. काम सुटलं तरी मला गप्प करायची त्याची रीत हीच.

शंभर डॉलर खेळायचे तर शंभर भरावे. याने मोटरीचे सगळे दोन हजार त्या खात्यात भरले. मी विचारलं, का? म्हणाला, अर्धं पोतं सिमेंट कोणी आणतं का?

खेळायचं होतं ते बहिणीच्या घोडीवर. एल्वा त्याची धाकटी बहीण. तिची घोडी मटनबर्ड. आमच्या बेटांवरच्या पक्ष्याचं नाव, मटणाशी संबंध नाही, जरी ती धावताना पाहून काहींना तसा विचार सुचे. घोडीला चारा, खरारा, सराव, सगळं एल्वा एकटी करी. कष्टात कसर नव्हती. कसर घोडीत होती.

नव्या वर्षाच्या दिवशी लॉन्गफर्डला शर्यती असतात. त्या पहाटे ॲथलने चहा ठेवला आणि फोन उघडला. मटनबर्डच्या नावापुढे दोन चौकोन. निळ्यात भाव तेराचा, म्हणजे एका डॉलरचे तेरा. गुलाबीत वीसचा, आणि खाली बारीक अक्षरांत पंच्याण्णव डॉलर. वीस हे तेरापेक्षा जास्त, एवढं कुणालाही कळतं. शिवाय त्या गुलाबी चौकोनाचा शब्द त्याच्या ओळखीचा. वीट बसवायला इंग्रजीत जो शब्द आहे, ‘ले’, नेमका तोच पैज खाण्यालाही आहे. जन्मभर जे केलं तेच समोर लिहिलेलं. त्याने ते दाबलं. यंत्राने अठराशे पाच हा आकडा दाखवून विचारलं, नक्की? याला वाटलं, एवढे मिळणार. नक्की.

दुपारी कुंपणाशी उभे राहून आम्ही स्कॅलपची, म्हणजे शिंपल्यांतल्या मांसाची, पाई खात होतो. त्याने मोठ्या ऐटीत फोन माझ्या हातात दिला. मला यंत्रातलं कळत नाही. पण वाचता येतं.

"ॲथल, इथे लिहिलंय, घोडी हरली तर पंच्याण्णव मिळणार."

"उलटं वाचतोस."

"आणि जिंकली तर अठराशे पाच जाणार."

त्याने फोन घेतला. वाचला. लांब धरून वाचला. मग चष्मा लावून वाचला.

"उलटं छापलंय," तो म्हणाला.

"तू उलटं दाबलंस, लेका. तू पैज लावली नाहीस. खाल्लीस. एल्वाच्या घोडीवर."

घरच्या घोड्यावर पैज खायची नाही, हा आमच्याकडचा कायदा. कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ. पूर्वी एका खाटकाने मेहुण्याच्या घोड्यावर खाल्ली होती. गावाने त्याच्याकडचं मांस घेणं सोडलं. बायकोने तर आधीच.

ॲथल फोनवर बोटं मारू लागला. सुटायचं तर तिच्याच जिंकण्यावर तेराच्या भावाने पैज लावता येते, हे आम्हाला नंतर कुणी सांगितलं. तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि वेळही नव्हता. घोडे फाटकात शिरले होते. यंत्राने बाजार बंद केला. तेवढ्यात एल्वा आली आणि आम्हा दोघांच्या मधे उभी राहिली.

"किती लावलेस?" तिने भावाला विचारलं.

"आहेत थोडे."

"चेहरा असा का?"

"पाईत वाळू आहे," तो म्हणाला.

घोडे सुटले. मटनबर्ड नेहमीप्रमाणे मागून दुसरी. ॲथलच्या चेहऱ्यावर रंग आला. मग त्याने बहिणीकडे पाहिलं आणि तो रंग लपवायला टोपी खाली ओढली. वळणावर पुढचे घोडे बाहेर फेकले गेले. आतली पट्टी मोकळी झाली आणि मटनबर्ड त्या पट्टीतून घुसली. अशी घुसताना मी तिला कधी पाहिली नव्हती. खरं म्हणजे कुणीच नाही.

"ओरड ना, ॲथल," एल्वा म्हणाली. "वर्षभर पहाटे चारला उठून पळवलीय तिला. मुका झालास का?"

मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याने एकदा गिळलं. त्या गिळण्यात मोटर गेली असावी. मग ओरडला. मी त्याला विटांच्या गाडीवाल्यावर ओरडताना ऐकलंय, पडत्या परातीवर ओरडताना ऐकलंय. हा आवाज त्यांहून मोठा होता आणि त्यात खोट नव्हती. या बाबतीत मला कळतं. अर्धं काम आणि पुरं काम लांबूनही ओळखू येतं.

मटनबर्ड मानेच्या अंतराने जिंकली. एल्वा कुंपणावर हात टेकून रडली, मग नाक पुसून म्हणाली, "आता ऐका गंमत. काल संध्याकाळी मी त्या फोनवाल्या बाजारात वीसचा भाव मागून ठेवला. उगाच. कुठे तेराच्या वर मिळत नाही आणि मी वीस मागतेय. म्हटलं, राहू दे पडून. आज सकाळी पाहते तर कुणा येड्याने दिला."

"किती?" मी विचारलं.

"पंच्याण्णव. शंभर होते, पाचाचा पाव आणला. सगळे एका घासात घेतले त्याने."

मी ॲथलकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसलो असतो.

"कोण असेल रे?" एल्वा म्हणाली.

"मुख्य भूमीवरचा कुणी असेल," ॲथल म्हणाला. "तिकडे घोड्यांतलं काय कळतं?"

"भेटला तर चहा पाजीन बिचाऱ्याला."

"पाज की. तहान लागलीच असेल त्याला," मी म्हणालो. ॲथलने माझ्या पायावर पाय दिला. बूट कामाचाच होता, लोखंडी टोकाचा.

दलाली वजा जाऊन एल्वाला सतराशेच्या वर मिळाले. भावाचे बहिणीकडे जायला रस्ता दोन घरांचा. ते कंपनीमार्गे गेले आणि कंपनीने वाटेत नव्वद खाल्ले. परतताना गाडीत मी त्याला एवढंच म्हटलं, "माणसाशी माणूस."

"तू माल कालव," तो म्हणाला.

त्याने तिला सांगितलं नाही. मीही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, बोभाटा कुणाचा करायचा? तो अजून वल्ही मारतो. मी अधूनमधून बरोबर जातो आणि एक वल्हं घेतो. घेतलं तर पूर्ण ताकदीने ओढतो.

एल्वाच्या तोंडावर दोन वर्षांपूर्वी घोडीच्या डोक्याची धडक बसली होती, तेव्हापासून वरच्या दातांच्या जागी मोकळी हिरडी. सरकारी दवाखान्यातल्या रांगेत नाव होतं, रांग हलत नव्हती. फेब्रुवारीत तिने लॉन्सेस्टनला जाऊन रोख पैसे मोजले आणि वरची अख्खी कवळी बसवून घेतली. चीजच्या कारखान्याची ती ॲथलची शेवटची भिंत, थंडीत बोटं फुटत बांधलेली, तिची मजुरी तिथे गेली. काम चांगलं झालंय. मी जवळून पाहिलं. ओळ सरळ आहे.