सगळं येतं म्हणू नका

देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि मी मॅट्रिक. पनवेलच्या एका कचेरीत कारकुनाच्या मुलाखतीला गेलो होतो. बाकावर आम्ही सातजण, आणि दाराशी स्टुलावर एक म्हातारे शिपाई. पट्ट्यावरचा पितळी बिल्ला बाहीने घासत ते आम्हांला एकेकाला न्याहाळत होते.

"सायबानं इचारलं, काय येतं, तर थोडं थोडं येतं म्हनायचं," ते हळूच म्हणाले. "ज्याला सगलं येतं, त्याच्याच टेबलावर सगल्या फायली जातात. तीस वर्सं या दारात हाय मी."

माझी पाळी शेवटची. साहेबांनी टायपिंगचं विचारलं. टायपिंगची परीक्षा मी पास झालो होतो, तरी म्हणालो, "थोडं थोडं."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "आज सातही जणांना थोडं थोडंच येतंय. काय भानगड आहे?"

मी सांगून टाकलं. "बाहेरच्या शिपायांनी सांगितलं, साहेब."

साहेब मोठ्याने हसले. "मलाही त्यांनीच सांगितलं होतं. तू निदान खरं बोललास. उद्यापासून ये."

बाहेर येऊन बातमी सांगितली, तेव्हा शिपाई खूश झाले. कानाशी वाकून म्हणाले, "उद्या जरा उशिराच या. लवकर आलात तर रोज लवकर यावं लागंल."

मी लवकरच गेलो. कचेरीत ते एकटेच होते. विचुंब्याहून चालत येऊन त्यांनी माठ भरले होते आणि आता सगळ्यांची टेबलं पुसत होते. मला पाहून ते ओशाळले.

"आमाला कोनी सांगितलं नवतं ना," ते म्हणाले.