काळ्या खडकाचा पुरावा

प्लेगच्या साथीत मुलगा आणि सून शहराच्या बमरोली भागातली आमची खोली सोडून गावी गेले, ते परतले नाहीत. मी राहिलो. तीस वर्षे न्यायालयात कारकुनी केलेल्या माणसाला बोलायला कुणी नसले की तो पत्रे लिहितो. महापालिका, वीज कंपनी, वृत्तपत्रे, सर्वांना लिहिली. उत्तरे क्वचित आली. रोज दुपारी चहाला मात्र एक गृहस्थ येत: तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, वरच्या मजल्यावरचे शेजारी.

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवी स्मरणिकेसाठी त्यांनी जमिनीखालच्या तेलावर लेख दिला. प्राचीन समुद्राच्या शांत तळाशी, जिथे प्राणवायू नव्हता, तिथे सूक्ष्म जीवांचे अवशेष पुरते कुजले नाहीत. चिखलात गाडले गेले. वर थर साचत गेले, चिखलाचा खडक झाला. तो खोल जाऊन तापला तेव्हा त्यातून तेल सुटले, आणखी तापला तेव्हा वायू. खंभातकडच्या जमिनीखालीही हेच घडले, असे त्यांचे म्हणणे. मी संतापलो. ज्याला साक्षीदार नाही ते विधान छापायचे कसे? मंडळाला सात मुद्द्यांचे पत्र धाडले. मंडळाने भिऊन लेख काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी आले. हातात काचेची नळी, तिच्यात काळ्या खडकाचा चुरा. चहाचे आधण उतरवून त्यांनी नळी माझ्या स्टोव्हवर धरली. थोड्या वेळाने वरच्या थंड काचेवर तपकिरी थेंब धरले, उग्र वास सुटला.

"साक्षीदार हवा होता ना, कारकूनसाहेब? कोट्यवधी वर्षांचा आहे. विचारा काय ते."

थेंब मला स्पष्ट दिसत होते. तरीही मी म्हणालो, "स्टोव्ह रॉकेलचा आहे. वास कशाचा, हे कोण ठरवणार?"

ते नळी निवण्याचीही वाट न पाहता ती रुमालात गुंडाळून गेले. पुन्हा चहाला आले नाहीत.

आठ दिवसांनी मी माफीपत्र लिहिले: आपले म्हणणे खरे, थेंब मी पाहिले होते. वर जायला अठरा पायऱ्या होत्या. मी पत्र पोचपावतीसह रजिस्टरने पाठवले.

'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन ते परत आले. कायद्यानुसार नाकारलेले पत्र पोहोचले असेच धरतात. हे मी कित्येक पक्षकारांना ठणकावून सांगितले होते. त्या दुपारी, बंद लिफाफा पुढ्यात असताना, मला ते प्रथमच पटले नाही. वर त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी नवा कागद घेतला आणि पोस्टमनने पुरेसा आग्रह केला नाही, अशी डाक अधीक्षकांकडे तक्रार लिहिली.