वरच्या काकूंची दोरी

वरच्या मजल्यावरील काकूंची सारी नोकरी इस्पितळाच्या धुलाईघरात पांढऱ्या चादरी वाळवण्यात गेली. निवृत्तीनंतर त्या घरचे कपडे रंग जुळवून खिडकीबाहेरच्या दोरीवर घालू लागल्या आणि खाली अंगणात मी वाचत असलेल्या वर्तमानपत्रावर पाणी ठिबकू लागले. मी रीतसर तक्रार केली.

"बरं बाबा, आतच वाळवते," म्हणत त्यांनी दोरी सोडली.

दुसऱ्या सकाळी वर्तमानपत्र कोरडे होते. मजकूर नेहमीसारखाच भिकार होता. पण मान वर केली, तर समोर केवळ करडी भिंत. कसाबसा आठवडा काढून मी जिना चढलो.

"काकू, दोरी बांधा."

"आणि पाणी?"

"ठिबकू द्या. मात्र निळ्या चादरीशेजारी तो तपकिरी टॉवेल नको. त्याबद्दल माझी सक्त तक्रार आहे."

"अगोबाई! म्हणजे रोज बघत होतास की रे मेल्या!"